तंबाखू, मशेरी धरून

...आणि वर मलाच म्हणतात, रडू नका. अहो, मी रडत नव्हते. तुम्हाला सांगते, मी पलूसच्या स्टँडवर उभी राहून भुईमुगाच्या शेंगा खात होते, सांगलीची गाडी लागायची होती, शेंगा ताज्या होत्या, एकही खवट निघाली नव्हती, म्हणजे माणसानं खूश असावं अशी सगळी परिस्थिती, आणि कंडक्टर खाली उतरतो, माझ्या तोंडाकडं बघतो नि आवाज खाली आणून म्हणतो, "बाई, रडू नका. सावरा." पुढची सीट दिली. तिथं बसलेल्या माणसाला उठवून दिली. तो उठलेला माणूस मला हात जोडून उभा राहिला. भिलवडी गेली तरी मी शेंगा पिशवीतच ठेवल्या होत्या, कारण एवढं सांत्वन झाल्यावर शेंगा फोडणं बरं दिसत नाही.

पिशव्या. सगळा दोष डोळ्यांखालच्या पिशव्यांचा. माझ्या आईला, म्हणजे तानुबाईला होत्या, तिच्या आईला होत्या, आमच्या आटपाडीकडच्या घराण्यात बायकांच्या वाटणीला तेवढंच येतं. आमचे हे होते तोवर या पिशव्यांना कुणी विचारत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हे गेले आणि त्याच पिशव्यांना एकदम अर्थ आला. शाळेत एका पोराच्या बापाला बोलावून घेतलं, धुळा त्याचं नाव, पोरगं आठ दिवस शाळेत नाही म्हणून चांगलं झाडायचं ठरवलं होतं मी, मुख्याध्यापिका आहे, झाडणं हे माझं काम आहे, तर त्यानं दारातच टोपी काढली. "बाई, पोरगं उद्या येतंय. पर तुमी असं जिवाला लावून घिऊ नगा." पोरगं दुसऱ्या दिवशी आलं हे खरं, पण झाडायचं राहून गेलं ते गेलंच.

आणि तो लग्नाचा व्हिडिओ. तासगावला पुतणीचं लग्न होतं, पंगतीत मी जिलबी खात होते, शेजारणीनं काहीतरी सांगितलं म्हणून हसतही होते. व्हिडिओ जोडणाऱ्यानं काय करावं? सगळीकडं नाचाची गाणी, आणि माझा चेहरा आल्याबरोबर संथ बासरी, आणि वरून पानं गळतायत. कॉम्प्युटरवरची पिवळी पानं. मी जिलबीचा घास घेतेय आणि माझ्या अंगावर पानगळ चालू.

त्या दिवशी ठरवलं. ऑपरेशन करून घ्यायचं. आता ऑपरेशन म्हटलं की लोक विचारतात, कुठं, कधी, दुखतं का. करण्याआधी नेमकं काय माहीत असायला हवं... हे कुणी आधी सांगत नाही.

पहिल्यांदा सांगितलं मुलीला. समीक्षा साताऱ्यात बँकेत असते. फोनवरच म्हणाली, "आई, प्लास्टिक सर्जरी? तुला सिनेमात काम मिळालंय का?" मग सांगितलं थोरल्या जाऊबाईंना, रंगुबाई त्यांचं नाव, भिंतीला भिंत लागून घर, नात्यानं मोठ्या, पण मी शाळेत शिकवते म्हणून त्याही मला बाईच म्हणतात. त्यांनी हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं. "आवं बाई, भावजींस्नी जाऊन दोन वर्सं झाली न्हाईत अजून धड. तोंड नवं करून दावायचंय कुणाला?"

"कंडक्टरला," मी म्हटलं.

त्यांना पटलं नाही. पटणार कसं, त्यांच्या डोळ्यांखाली काही नाही, टक्क सपाट. तीन दीर वारले, त्यांना कुणी सीट दिली नाही.

पहिली चूक काय केली, समीक्षानं मोबाइलवर बघून साताऱ्यातलंच एक ठिकाण काढलं. काचेचं दार, आत थंडगार, पांढरा कोट घातलेली एक पोरगी, तिनं मला आरसा दिला हातात. म्हणाली, "मॅम, डोळे तर करूच, पण हनुवटी पण बघूया ना." मी डोळ्यांसाठी आलेली, ही हनुवटीवर गेली, तिथून मानेवर गेली, आणखी पाच मिनिटं बसले असते तर घोट्यापर्यंत आली असती. मी म्हटलं, "बाळ, कापणार कोण?" म्हणाली, सर येतात. "कुठले सर? कशातले? शिकले कुठं?" म्हणाली, सरांचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे. आता सर्टिफिकेट हा माझा प्रांत आहे, तीस वर्षं दाखले तपासतेय. उठून चष्मा लावून वाचलं. तीन दिवसांचं शिबिर होतं. तीन दिवसांत आमच्याकडं पोरांना ओळ धरून उभं राहायला येत नाही. तर तेवढं लक्षात ठेवा, प्लास्टिक सर्जरीची रीतसर पदवी आहे का, हे ऑपरेशन त्यांनी स्वतः किती केलेत, काही बिघडलं तर पुढं कुठं नेणार, तोंडावर विचारायचं. राग आला त्यांना तर आपला जीव वाचला समजायचं. पण हे कुणी आधी सांगत नाही, आरसा तेवढा हातात देतात.

मग सांगलीला गेलो. या डॉक्टरीणबाई खऱ्या, डॉक्टर अपूर्वा, वय माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढं, आवाज शांत. आरसा दिला नाही. पहिला प्रश्न, "हे कुणासाठी करताय?" म्हटलं, जाऊबाईंनीही हेच विचारलं. हसल्या, पण सोडलं नाही. म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला बरं वाटावं म्हणून जो येतो तो नंतर नाराज होतो. पिशव्या जातील, वय जाणार नाही. दोन आठवडे डोळे काळेनिळे दिसतील, सूज उतरायला महिने लागतील, बारीक व्रण राहील. मनात काही दुसरं ओझं असेल तर ते यानं उतरत नाही.

मी म्हटलं, ओझं नाही, पिशव्याच आहेत.

मग त्यांनी काय केलं, कागदाच्या दोन बारीक पट्ट्या घेतल्या आणि माझ्या खालच्या पापण्यांत अडकवल्या. पाच मिनिटं बसायचं. म्हणे डोळ्यांत पाणी किती येतं ते मोजतात. आधीच कोरडे असले तर ऑपरेशननंतर त्रास होतो. बसले. समोर समीक्षा बसलेली. पाच मिनिटांनी पट्ट्या काढल्या, बघितल्या, म्हणाल्या, "तुमचे डोळे कोरडे आहेत, मॅडम. पाणी कमीच येतं."

तुम्हाला सांगते, मला तो कागद लॅमिनेट करून कंडक्टरला द्यावासा वाटला.

समीक्षा मात्र माझ्याकडं वेगळंच बघत होती. असू दे.

मग यादी. रक्तदाब आहे का, साखर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, लसणीच्या गोळ्या, काढे, कुणी गावठी पुड्या दिलेल्या, सगळं सांगा, त्यानंसुद्धा रक्त थांबत नाही. मी सगळं सांगितलं, अगदी गुडघ्याला लावते ते तेलही सांगितलं. आणि मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "बीडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा?"

मी म्हटलं, "छे."

या "छे"वर सगळं येऊन थांबतं, म्हणून नीट ऐका. मी मशेरी लावते. लावायची. तुमच्यात कुणी बाहेरगावचं असेल म्हणून सांगते, तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना घासायची. दातांना. आता जे दातांना घासतात ते दंतमंजन झालं का नाही? आमच्या भागात फिरा, एक बाई तंबाखू खात नाही. कुठल्याही दारात विचारा, "मावशी, तंबाखू खाता?" "अगं बया, न्हाई गं." आणि बोट काळं. ती खोटं बोलत नाही हो. तंबाखू ती पुड्यातली, गडीमाणसं खातात ती. ही डब्यातली. अकराव्या वर्षी माझी दाढ ठणकली तेव्हा आईनं स्वतःच्या बोटानं लावली होती, आईनं लावलेल्या वस्तूला व्यसन म्हणतं का कुणी?

पण मी नुसती बाई नाही, मुख्याध्यापिका आहे. माझी शाळा तंबाखूमुक्त शाळा आहे. फाटकापासून मोजून, हिच्या आत तंबाखू विकायची नाही म्हणून पिवळी रेघ मारली आहे रस्त्यावर, ती मी मारून घेतली. दर सोमवारी पोरं हात पुढं करून शपथ घेतात, ती मी सांगते, त्यांनी म्हणायची. माझ्या खुर्चीमागं प्रमाणपत्र आहे. आणि घरी बाथरूमच्या फळीवर, पोटाच्या चूर्णाच्या बाटलीत...

हे कुणाला माहीत होतं? एका माणसाला. लग्नानंतर चौथ्या दिवशी आमच्या ह्यांनी माझं बोट बघितलं. मला वाटलं, संपलं, डी.एड. झालेली बायको म्हणून केली आणि ही मशेरी लावते. पाचव्या दिवशी म्हणाले, "घरात भाजू नकोस, वास जातो वहिनीकडं. मी आणतो भाजून." यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं तासगाव रोडला. तिथं मागच्या बाजूला तीन विटा मांडून, जुना तवा ठेवून हा माणूस माझ्यासाठी मशेरी भाजायचा. सत्तावीस वर्षं. भाजताना असा ठसका लागतो की रस्त्यावरचा माणूस खोकत जातो. येणारेजाणारे बघायचे, म्हणायचे, "आप्पासो, लय नाद तुमाला." हे म्हणायचे, "काय करता गड्या, सुटत न्हाई."

स्वतः आयुष्यात चिमूटभर तोंडात घातली नाही. सुपारीसुद्धा नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी दुपारी गॅरेजमध्ये छातीत कळ आली आणि गेले. डॉक्टर म्हणाले हृदयविकार. गाव म्हणालं मशेरी. तिसऱ्या दिवशी माणसं बसायला आली तेव्हा कोपऱ्यात तेच बोलणं, "एवढा सोन्यासारखा माणूस, मशेरीनं नेला." मी आत बसून ऐकत होते. बाहेर येऊन एक वाक्य म्हणायचं होतं फक्त. म्हटलं नाही.

मग तंबाखूमुक्त शाळेच्या प्रमाणपत्र वाटपाचा कार्यक्रम झाला. तालुक्याचे पाहुणे, आरोग्य खात्याचे लोक, दोनशे पोरं. पाहुण्यांनी भाषणात काय सांगावं? "बाईंनी स्वतःच्या घरातला माणूस या व्यसनापायी गमावला, पण त्या दुःखातून त्यांनी ही शाळा उभी केली." टाळ्या. मला गुलाबाचं फूल दिलं. मी ते हातात धरून उभी, आणि सकाळीच लावलेली, हे गेल्यापासून सांगलीच्या बाजारातून गुपचूप भाजलेली आणायची ती, जीभ अजून चुरचुरत होती. फोटोत बघा, तिथं मात्र मी खरंच रडतेय, आणि तिथं कुणी सावरा म्हणालं नाही.

समीक्षाचं तर काय सांगू. लेकीनं बापाच्या मागं लागून लागून काय केलं नव्हतं? गॅरेजमधला तवा उकिरड्यावर फेकला होता एकदा. हे म्हणाले, "बरं बाळा, सोडतो." आणि पुढच्या आठवड्यात नवा तवा. त्यांच्या शेवटच्या दिवाळीला ती चार दिवस घरी राहिली आणि बापाशी एक शब्द बोलली नाही. हे तिला ताट वाढून द्यायचे, ती खाली बघून जेवायची. मी दोघांच्या मध्ये बसून चटणी पुढं सरकवत होते.

तर त्या समीक्षासमोर डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू? आणि मी म्हटलं, छे. "छे" म्हटल्यावर मग त्या सांगायला लागल्या. तंबाखूनं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. टाके भरत नाहीत. कधी कातडी काळी पडते, खालची पापणी ओढली जाते, मग डोळा पुरता मिटत नाही. "म्हणून आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद लागतं. पण तुम्हाला तो प्रश्नच नाही." अहो, हे प्रश्न विचारायच्या आधी सांगायला नको? निदान माणूस विचार करून "छे" म्हणेल. पण नाही. हे कुणी आधी सांगत नाही.

तारीख मिळाली महिन्यानंतरची. मी म्हटलं, सोपं आहे, चारच आठवडे, मी उद्यापासून बंद करते, कुणाला कळायचं कारण नाही. उद्यापासून. तुम्ही कधी उद्यापासून काही सोडलंय का? पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत राहिले, सहावीच्या वर्गात तेराचा पाढा विसरले. दुसऱ्या दिवशी म्हटलं अर्धं बोट. तिसऱ्या दिवशी म्हटलं पुढच्या दातांना नको, नुसती मागच्या. रोज सकाळी आरशात बघायचं, खालची पापणी बोटानं ओढायची, मिटतोय का डोळा, नाही मिटला तर झोपायचं कसं, पोरं भितील का, वर्गात उघड्या डोळ्यानं शाई उडाली तर... असा सगळा विचार करायचा, छातीत धडधड व्हायला लागायची, आणि धडधड थांबावी म्हणून चिमूटभर लावायची. सत्तावीस दिवस असे गेले.

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला, उद्या सकाळी काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मी अक्षरशः पाळलं. चहा नाही, पाण्याचा थेंब नाही. दात मात्र घासले. दात घासू नका असं कोण म्हणालं होतं?

सांगलीला आत नेलं, हिरवा झगा दिला, हातात सुई टोचून ठेवली, समीक्षा उशाशी उभी. भूल देणारे डॉक्टर आले, वयस्कर, मेढ्याकडचे असावेत बोलण्यावरून. "आ करा बघू." आ केला. बॅटरी मारली. बॅटरी तशीच धरून म्हणाले, "मावशी, मशेरी किती वर्सं?"

मला वाटलं, आता भूल द्यावी यांनी, लगेच.

मी काही बोलायच्या आत समीक्षा बोलली. आणि कशी बोलली. बँकेत जुन्या गिऱ्हाइकाला समजावून सांगतात तसं, थंड, स्पष्ट. "डॉक्टर, काहीतरी चुकतंय. आमच्या पप्पांना होती मशेरी. त्यानंच गेले ते. आई तंबाखूमुक्त शाळा चालवते, तिनं आयुष्यात हात लावला नाही."

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. माझ्याकडं बघितलं. माणूस समजूतदार होता, लेक म्हणते तेच खरं असं मी म्हटलं असतं तर पुढं गेले असते का थांबले असते मला माहीत नाही. पण मला ना, तो तवा दिसला. उकिरड्यावर पडलेला. आणि त्याच्याकडं बघत उभे असलेले हे.

मी म्हटलं, "मी लावते. अकराव्या वर्षापासून. आज सकाळीपण लावली. ते लावत नव्हते. ते भाजायचे फक्त. माझ्यासाठी."

ते रक्तदाबाचं यंत्र तेवढं आपणहून फुगलं, फुस्स करून खाली बसलं आणि एकशेनव्वद दाखवायला लागलं.

डॉक्टर अपूर्वा आल्या. रागावल्या नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही तंबाखू विचारलीत."

"मग?"

"मशेरी विचारली नाहीत."

त्यांनी डोळे मिटून घेतले, पुरते मिटले त्यांचे. मग पेन घेऊन छापील फॉर्मवर, तंबाखू शब्दाच्या पुढं हातानं लिहिलं, मशेरी धरून. म्हणाल्या, या भागातल्या किती बायका मला "छे" म्हणून गेल्या असतील. सुई काढली. दातांच्या डॉक्टरांकडून तोंड साफ करून घ्या, एक बोटसुद्धा न लावता चार आठवडे मोजा आणि मग या, मध्ये कधी लावली गेलीच तर आजच्यासारखं खरं सांगायला या.

गाडी समीक्षा चालवत होती. माधवनगर गेलं, पुढचं फाटक गेलं, दोन्ही बाजूला द्राक्षाच्या बागा चालू झाल्या. मी आपली पोटात अन्न नाही, तोंडात मशेरी नाही, शेजारी लेक नाही असल्यासारखी बसलेली. मग तिनं गाडी कडेला घेतली.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"ते नको म्हणाले."

"आणि ते गेल्यावर?"

मी बोटाला पदर गुंडाळत बसले.

"मी त्या दिवाळीत त्यांच्याशी बोलले नाही, आई," ती म्हणाली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं झिडकारला नाही, एवढंच. मग तिनं तोंड पुसलं नि म्हणाली, "हे सगळ्यांना सांगायचं. तू सांगायचं. पहिल्यांदा काकूला."

आता इथून पुढचं ऐका, कारण हे तर खरोखरच कुणी आधी सांगत नाही. खरं बोलायला धाडस लागतं एवढं सगळे सांगतात. ऐकून घेणाऱ्यानं ते खरं मानावं लागतं, ते राहतं सांगायचं.

मी गेले. रंगुबाई जात्याजवळ बसल्या होत्या. सांगितलं सगळं, तवा, विटा, चूर्णाची बाटली. त्यांनी ऐकलं, पदर डोळ्यांना लावला. मला बरं वाटलं, पटलं म्हणून. म्हणाल्या, "बाई, लय मोठं मन तुमचं. गेलेल्या मानसाचा डाग सवताच्या पदरात घेताय. कोन करतंय आजकाल?"

"अहो जाऊबाई, डाग नाही, खरंच मी लावत होते."

"व्हय, व्हय," माझा हात थोपटत म्हणाल्या. "आमास्नी कळतंय."

चूर्णाची बाटली दाखवली असती तर? ती समीक्षानं त्याच दिवशी नाल्यात ओतली. स्वतःच्या हातानं.

मग शाळेत, पालकांच्या सभेत, उभी राहून सांगितलं. दोन दिवस शब्द जुळवत होते, वाटत होतं नोकरी जाते, प्रमाणपत्र जातं, पोरं उद्यापासून शपथ घ्यायची नाहीत. म्हटलं, "आप्पासो व्यसनी नव्हते. मशेरी मी लावायची." आणि तो धुळा उभा राहिला. "बाई, आमी तुमाला वळखत न्हाई व्हय? मालकाच्या नावासाठी तुमी हे बोलताय. आसं कुटंबी बघाया मिळायचं न्हाई." टाळ्या. परत टाळ्या.

शेवटी मनुबाईकडं गेले. गावात सगळ्यात जुनी मशेरीवाली, ऐंशीच्या पुढची, तिला तरी ओळखता यावीत ना आपली माणसं. ती म्हणाली, "दात दाव." दाखवले. अहो, पण दोनच दिवस आधी दातांच्या डॉक्टरांनी ते यंत्रानं घासून असे काढले होते की मलाच ओळखू येत नव्हते. तिनं हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडं केलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "लबाड बोलायचंच हुतं तर जरा माझ्यावानी दात करून तरी यायचं, बाई," म्हणाली.

ऑपरेशन राहिलं त्या दिवसानंतर आजपर्यंत एकदाही लावलेली नाही, मोजून एकोणतीस दिवस. हिरड्या सुधारल्या, रक्तदाब खाली आला, बोट पांढरं झालं, तेराचा पाढा परत आला. परवा डॉक्टर अपूर्वांनी तपासलं, म्हणाल्या उत्तम, सोमवारी करून टाकू. भीती अजून वाटते, नाही असं नाही. पण खरं सांगू, पापणी मिटेल का न मिटेल ह्याची आता तेवढी नाही वाटत. गावात मी कुठंही गेले की बायका उठून उभ्या राहतात, नव्या सुनांना माझ्या पाया पडायला लावतात. माझ्यापाशी दाखवायला आता काही म्हणता काही उरलेलं नाही, ना बाटली, ना बोट, ना दात. मी पुरती स्वच्छ झाले. आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात चिमूट तोंडाला लावली नाही, ते आमचे हे गावात अजून मशेरीनंच गेलेत.